वाचकांचे प्रश्न : चौकटीसकट आलेलं दार बसवताना

या महिन्यात दारांबद्दलची पत्रं खूप आली. पल्ला, बिजागऱ्या आणि चौकट सगळं कारखान्यातच जोडून येतं तो रेडीमेड सेट (अमेरिकेत त्याला प्रीहंग दार म्हणतात), त्याबद्दल जास्त. चार प्रश्न निवडलेत. पहिलं उत्तर लांबलंय, पण त्यातलं बरंचसं इथल्या लोकांनाही लागू आहे म्हणून काटछाट केली नाही.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : नमस्कार ताई. आम्ही इथे जुनं घर घेतलंय आणि आई-बाबा येतील तेव्हा त्यांना राहायला म्हणून बेसमेंटमध्ये एक खोली करतोय. दुकानातून ३० इंची प्रीहंग दार आणलं, व्हिडिओ बघून मी आणि भावाने बसवलं, कारण इथे माणूस बोलवायचा म्हणजे दारापेक्षा मजुरी जास्त. आता झालंय असं की दार अर्धवट उघडं ठेवलं की आपोआप पूर्ण उघडत जातं, बंद करताना कुलुपाच्या बाजूचा वरचा कोपरा घासतो, आणि बंद झाल्यावर वर पट्टीला टेकतं पण खाली बोटभर फट राहते. दार वाकडं आलंय का? बदलून मागू का?

उत्तर : इतक्यात बदलून मागू नका. आधी एक सरळ लांब पट्टी दारावर उभी आणि तिरकी लावून बघा, पट्टीखाली उजेड दिसला नाही तर दार सरळ आहे. आणि तुम्ही लिहिलेल्या तिन्ही तक्रारी वाचून मला तरी वाटतं की दार सरळच असणार, कारण तिन्ही तक्रारी चौकटीच्या आहेत आणि तिघींची कारणं वेगवेगळी आहेत, म्हणून एकच उपाय करून सगळं सुटणार नाही.

आपोआप उघडतं ते आधी घेऊ. ज्या खोलीकडे दार उघडतं त्या बाजूला बिजागरीची उभी पट्टी वरून झुकलेली आहे. बिजागऱ्यांची रेघ ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभी, नसेल तर दार स्वतःच्या वजनाने सगळ्यात खालची जागा शोधत जातं, त्यात लॅचचा, बिजागरीचा किंवा तेलाचा काही संबंध नाही. काहीजण बिजागरीची पिन ठोकून थोडी वाकवतात म्हणजे ती घट्ट बसते आणि दार जागेवर थांबतं, पण त्याने मूळ दुखणं जात नाही. बहुतेक लोक लेव्हल (बुडबुड्याची नळी असलेली पट्टी) फक्त एकाच अंगाने लावतात, म्हणजे पट्टीच्या आतल्या रुंद बाजूला, आणि बुडबुडा मधे आला की खूश होतात. तीच लेव्हल भिंतीच्या तोंडाच्या बाजूनेही लावायला लागते. उभ्या पट्टीला दोन ओळंबे असतात, एक डावी-उजवीकडचा आणि एक पुढे-मागेचा. तुमचा दुसरा राहिलाय.

वरचा कोपरा घासतो कारण वरची बिजागरी भिंतीपासून सुटून पुढे आलीये किंवा तिच्या मागची पाचर जास्त जाड झालीये. दार बंद करून बिजागरीच्या बाजूची फट वरपासून खालपर्यंत बघा, वर जास्त आणि खाली कमी दिसेल. उपाय सोपा आहे. वरच्या बिजागरीचा चौकटीतला एक स्क्रू काढा, दार थांबवणाऱ्या पट्टीच्या जवळचा, आणि त्या जागी ३ इंची स्क्रू घाला. कंपनीचे आखूड स्क्रू फक्त चौकटीच्या पातळ फळीत धरतात, ३ इंची असेल तर तो फळी, पाचर सगळं ओलांडून मागच्या भिंतीच्या उभ्या लाकडात जातो आणि घट्ट करत गेलं की वरचा कोपरा अक्षरशः डोळ्यासमोर वर उचलला जातो. एकदम पिळू नका, अर्धा फेरा पिळा, दार लावून बघा, परत अर्धा फेरा. एवढ्याने नाही झालं तर खालच्या बिजागरीमागे थोडी पाचर वाढवा, परिणाम तोच.

आणि तिसरी गोष्ट, वर टेकतं पण खाली फट. म्हणजे तुमच्या ओपनिंगच्या (दारासाठी भिंतीत सोडलेल्या मोकळ्या जागेच्या) दोन्ही बाजूच्या भिंती एका पातळीत नाहीत, एक इकडे झुकलीये आणि एक तिकडे. जुन्या घरात हे फार असतं. हे दार बसवायच्या आधीच कळतं, ओपनिंगच्या चार कोपऱ्यांना खिळे मारून दोन दोऱ्या तिरक्या फुलीसारख्या ताणायच्या, मधे एकमेकींना जेमतेम टेकल्या तर ठीक, अंतर पडलं किंवा एकीने दुसरीला दाबलं तर ओपनिंग पिळलेलं आहे. आता बसवून झालंय तर कुलुपाच्या बाजूच्या उभ्या पट्टीचं खालचं टोक थोडं सरकवून घ्या, म्हणजे दाराच्या दिशेला, पाव इंच सरकलं तरी चौकटीची बाहेरची किनार ते झाकून घेते. तेही जमत नसेल तर दार ज्याला टेकतं ती बारीक पट्टी उचकटून दार बंद ठेवून त्याला लागून परत मारा, डोळ्याला काही कळत नाही.

खरं सांगायचं तर तुमच्या जागी मी कडेच्या शोभेच्या पट्ट्या काढून चौकट सोडवून पहिल्यापासून बसवेन, कारण तिन्ही दोष एकत्र आहेत आणि अर्ध्या दिवसाचं काम आहे, त्यातून आई-बाबा येऊन राहणार, दार रोज वापरलं जाणार. म्हणून क्रम सांगते.

आधी मोजमाप. ३० इंची दाराला ओपनिंग ३२ इंच रुंद हवं आणि ८० इंच उंचीला साधारण ८२ ते ८२ १/२ इंच, ती जास्तीची जागा पाचरांसाठी आहे. भिंतीची जाडी बघा, तिकडच्या साध्या भिंतीत ३ १/२ इंचाचं लाकूड आणि दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच ड्रायवॉल (जिप्समची पाटी) म्हणजे ४ १/२, त्यासाठी चौकट ४ ९/१६ इंचाची येते. जुन्या घरात प्लास्टरची भिंत असेल तर ही जाडी जास्त भरते, मग रुंद चौकट मागवायची नाहीतर मागून पट्टी जोडायची. मग जमीन. चौकटीचे दोन पाय जिथे टेकणार तिथे लेव्हल ठेवा, एक बाजू उंच असेल तर त्या बाजूचा पाय तेवढा कापा. बेसमेंटचं काँक्रीट सपाट असेलच असं धरून चालू नका. वरची आडवी पट्टी लेव्हलमध्ये आली नाही तर पुढचं सगळं फुकट जातं.

त्यानंतर फक्त बिजागरीची बाजू. कुलुपाच्या बाजूकडे बघायचंही नाही. आधी वरच्या बिजागरीमागे पाचर घालून तिथे पक्कं करा, मग सगळ्यात खालच्या, मग मधल्या, आणि प्रत्येक वेळी लेव्हल दोन्ही अंगांनी. पाचरी नेहमी जोडीने घालायच्या, एक इकडून एक तिकडून, म्हणजे त्यांची तिरकी अंगं एकमेकींवर चढून मागे सपाट ठोकळा तयार होतो. एकच पाचर एका बाजूने घातली की चौकटीची फळी तिरकी पिळते आणि बिजागरीचं पान वाकडं बसतं, बघणाऱ्याला दिसत नाही पण दार बंद होताना अडतं. खिळा किंवा स्क्रू पाचरीतूनच जाऊ दे. मागे पाचर नाही तिथे खिळा मारला की फळी आत ओढली जाते.

बिजागरीची बाजू पक्की झाली की दार बंद करा आणि आता लेव्हल बाजूला ठेवा. यापुढे मापाचं हत्यार दारच आहे. वर आणि कुलुपाच्या बाजूला १/८ इंच, म्हणजे ३ मिलिमीटर फट सारखी येईल असं कुलुपाची पट्टी इकडेतिकडे करत पाचरी घाला, वर, खाली आणि लॅच जिथे शिरतो तिथे. दार दहा-पंधरा वेळा उघडून बंद करून बघा आणि मगच पाचरीची टोकं चाकूने चरे पाडून मोडा.

जाता जाता, बेसमेंटमध्ये गरम हवेची सोय सेंट्रल असेल तर दाराखाली पाऊण इंच मोकळं ठेवा, हवा परत फिरायला वाट लागते. आणि असंच पोकळ दार गॅरेजमधून घरात येणाऱ्या वाटेवर लावायचा विचार असेल तर अजिबात लावू नका. तिथे नियम आगीचा आहे, १ ३/८ इंच भरीव लाकडी किंवा स्टीलचं, नाहीतर २० मिनिटं आग अडवणारं दार लागतं. तुमच्या गावच्या बिल्डिंग ऑफिसला एकदा विचारून घ्या.

प्रश्न (धायरी, पुणे) : ताई, आमचा फ्लॅट जुना आहे, बेडरूमच्या चौकटीला खालून वाळवी लागलीये. दुकानदार म्हणतो डब्ल्यूपीसीची (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेली) चौकट आणि दार असा सेट घ्या, दोन तासात बसतो. आमचे नेहमीचे सुतारकाका म्हणतात की आपल्याकडच्या भिंतीला हे चालत नाही, साल किंवा साग लाकडाची चौकट करून घ्या. कोणाचं ऐकायचं? आणि टाइल्सही बदलायच्या आहेत, त्या आधी की नंतर?

उत्तर : दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. अमेरिकेत भिंत लाकडाची, ओपनिंग आधी सोडलेलं, चौकट नंतर आत सरकवायची, म्हणून तिकडे हा सेट सहज बसतो. आपल्याकडे वर्षानुवर्षं उलटी रीत. विटांचा थर वर चढायच्या आधी चौकट उभी करायची, ओळंबा लावायचा, तिरक्या बल्ल्यांनी आधार द्यायचा, दोन्ही बाजूंना तीन-तीन लोखंडी होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या पट्ट्या) ठोकून ते काँक्रीटमध्ये गाडायचे आणि चौकटीला धरून भिंत बांधत न्यायची. म्हणजे तुमची चौकट भिंतीत रुतून बसलीये. ती काढताना होल्डफास्ट ग्राइंडरने कापायला लागतील, नुसतं पहारीने उचकटलं तर आजूबाजूचा गिलावा ढासळून येतो आणि मग गवंडी बोलवा, दोन दिवस वाळू द्या, असं काम वाढत जातं. दोन तास फक्त सेट उभा करायला लागतात, आधीची तोडफोड आणि नंतरची डागडुजी दुकानदाराने धरलेली नाही.

पण सुतारकाकांना सांगा की हे चालतं, नीट केलं तर उत्तम चालतं. वाळवी लागलेल्या जागी तर मी डब्ल्यूपीसीच घ्यायला सांगेन, तिला वाळवी खात नाही आणि पाण्याने फुगत नाही. फक्त आधी वाळवीवाल्याकडून भिंतीत आणि जमिनीत औषध मारून घ्या, नाहीतर वाळवी चौकट सोडून शेजारच्या कपाटात जाईल.

माप घेताना जुनी चौकट निघाल्यावरचं ओपनिंग धरायचं, रुंदी तीन ठिकाणी, उंची दोन ठिकाणी, आणि सगळ्यात कमी भरेल ते माप खरं. चारी बाजूंना साधारण १० मिलिमीटर मोकळं राहील असा सेट सांगा. भिंतीची जाडी गिलाव्यासकट मोजा, चौकट भिंतीपेक्षा कमी रुंद असेल तर उरलेल्या जागी आर्किट्रेव्हची (चौकट आणि भिंतीचा सांधा झाकणारी) पट्टी कशी घेणार हे ऑर्डर द्यायच्या आधीच ठरवा. आणि टाइल्स आधी. जुन्या फरशीवरच नवीन टाइल चिकटवणार असाल तर जमीन अर्धा-पाऊण इंच तरी वर येते. दार आधी बसवलं तर नंतर ते खालून कापायला लागतं.

बसवताना चौकट पाचरींवर उभी करा, ओळंबा दोन्ही अंगांनी, दोन्ही कर्ण मोजून सारखे आले की चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे. मग बिजागऱ्यांच्या मागे चौकटीतून आरपार लांब स्क्रू, भिंतीत प्लास्टिकची गिट्टी (स्क्रू पकडायला भोकात बसवतात ती नळी) घालून. विटेची भिंत असेल तर चांगलं धरतं. नवीन बिल्डिंगमध्ये राहणाऱ्यांनी लक्षात ठेवा, एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांची) भिंत ठिसूळ असते, तिथे साधी गिट्टी कडेला फुटून बाहेर येते, त्या ब्लॉकसाठीच्या लांब नायलॉनच्या गिट्ट्या वेगळ्या मिळतात त्याच घ्या. डब्ल्यूपीसीमध्ये खिळे ठोकायचे नाहीत, स्क्रूसुद्धा आधी बारीक भोक पाडूनच, नाहीतर चीर जाते.

चौकट आणि भिंतीमधल्या फटीत पीयू फोम (डब्यातून फवारला की फुगून घट्ट होणारा फेस) भरायची आता फॅशन झालीये. फोम चांगला आहे पण त्याच्याबद्दल मी हट्टाने दोन गोष्टी सांगते. एक म्हणजे फोम फुगतो आणि फुगताना चौकटीला आत ढकलतो, त्यामुळे भरायच्या आधी चौकटीच्या आत वर, मध्ये आणि खाली आडव्या पट्ट्या अगदी मापाच्या कापून अडकवायच्या आणि रात्रभर काढायच्या नाहीत. फट अर्धीच भरायची, उरलेली तो स्वतः भरतो. भिंतीवर आधी थोडं पाणी फवारलं तर चांगला धरतो. दुसरं म्हणजे फोम हा भरायला आहे, टांगायला नाही. काही फिटर एकही स्क्रू न मारता नुसत्या फोमवर चौकट सोडून जातात, तसं करू देऊ नका. भरीव दाराचं वजन रोज बिजागरीच्या बाजूला ओढत असतं, तिथे स्क्रू पाहिजेच पाहिजे. फिटर गडबडीत असेल तर तुम्ही स्वतः उभं राहून मोजून घ्या, त्यात कसला संकोच.

दार लाकडी फ्लश डोअर (दोन्ही बाजूंनी सपाट दार) घेणार असाल तर आयएस २२०२ या भारतीय मानकाचा शिक्का बघा आणि ३० किंवा ३५ मिलिमीटर जाडी घ्या. कुलूप कुठल्या बाजूला बसेल हेही विचारा, कारण काही दारांत कुलुपासाठीचा भरीव ठोकळा एकाच बाजूला असतो. आणि हे दार एकाच बाजूने दोन-दोन इंच कापायचं नाही, कडेची लाकडाची पट्टीच निघून जाते आणि आतलं उघडं पडतं. बिजागऱ्या ४ इंची स्टेनलेस स्टीलच्या, तीन.

प्रश्न (डोंबिवली) : सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर घेऊन चालतात. बाथरूमचं लाकडी दार खालून कुजलंय ते बदलायचंच आहे, तर बदलताना अजून काय करून घ्यावं?

उत्तर : दार बाहेर उघडेल असं करून घ्या. आपल्याकडे बाथरूमची बरीच दारं आत उघडतात आणि आत माणूस पडलं की ते दारालाच अडकून पडतं, बाहेरून ढकलता येत नाही. मग दार तोडेपर्यंत जी मिनिटं जातात ती फार वाईट असतात. नवीन सेट सांगतानाच दार कुठल्या बाजूला उघडणार आणि बिजागरी डावीकडे की उजवीकडे हे कागदावर चित्र काढून दुकानदाराला द्या, फोनवर डावं-उजवं सांगितलं की हमखास घोळ होतो. बाहेरचा पॅसेज अरुंद असेल आणि दार उघडून वाट अडत असेल तर सरकतं दार बघा.

कडी नको, बाहेरून नाणं घालून फिरवता येणारं लॅच लावा. रुंदी दाराची नाही, दार उघडल्यावर मधे खरी उरते ती मोजा, वॉकर आडवा न करता आत गेला पाहिजे. व्हीलचेअरची शक्यता असेल तर ३२ इंच मोकळे मिळतील असं बघा, अमेरिकेतल्या अपंगांसाठीच्या नियमात किमान एवढीच रुंदी धरलेली आहे. बाथरूमला चौकट ग्रॅनाइटची आणि दार डब्ल्यूपीसीचं किंवा पीव्हीसीचं, परत कुजायचा प्रश्न नाही. ग्रॅनाइटला बिजागरीची भोकं दुकानातूनच पाडून आणा, घरी हातोडी-ड्रिलने पाडताना कडा उडतात. आणि पाणी अडवायला उंबरा ठेवणार असाल तर कमीत कमी उंचीचा, कडा गोल केलेला. नाहीतर वॉकर उचलून ठेवताना त्यांचा पाय तिथेच अडखळेल.

प्रश्न (चिपळूण) : आमचं हॉलमधलं दार दर पावसाळ्यात फुगतं. सुतार येऊन रंधा मारून जातो. आता उन्हाळ्यात एवढी फट पडते की आरपार दिसतं. नवीन चौकट-दार घ्यावं का?

उत्तर : एवढ्यात घेऊ नका. लाकूड हवेतला ओलावा ओढतं, कोकणातल्या पावसात तर ओढणारच, आणि दिवाळीनंतर परत आकसतं. जुलैमध्ये फुगलेल्या मापावर रंधा मारला की तेवढं लाकूड कायमचं गेलं. दरवर्षी तेच केल्यामुळे आता फट पडलीये. यापुढे पावसाळ्यात त्याला हात लावू देऊ नका, फारच अडलं तर जिथे घासतं तिथे मेणबत्ती चोळा आणि वेळ काढा. आणि बिजागऱ्यांचे स्क्रू आधी आवळून बघा, पुष्कळदा दार फुगलेलं नसतं, वरची बिजागरी ढिली होऊन ते खाली लोंबलेलं असतं आणि दोष पावसाला जातो.

मार्च-एप्रिलमध्ये दार काढून आडवं टाका आणि सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची कड बघा. बहुतेक ती कोरी असेल, रंगही नाही, पॉलिशही नाही, कारण दार बसवलेलं असताना तिथे ब्रश जात नाही आणि कोणी बघतही नाही. ओलावा सगळ्यात जास्त तिथून शिरतो, लाकडाच्या तंतूंची तोंडंच तिथे उघडी असतात. दोन्ही कडांना आणि कुलूप बसवायला कोरलेल्या खाचेला आतून प्रायमर आणि वर ऑइल पेंटचे दोन हात द्या, नीट वाळू द्या. फट भरायला बिजागरीच्या बाजूच्या कडेला सागाची पट्टी गोंद आणि स्क्रूने जोडून घ्या, कुलुपाच्या बाजूला नको, तिथलं लॅचचं माप बिघडेल. पट्टी जोडल्यावर फट ३ मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त, ४ मिलिमीटरपर्यंत ठेवा, तुमच्याकडच्या हवेला तेवढी लागते. पुढचा पावसाळा जाऊ दे आणि तरीही अडत असेल तर ओळंबा चौकटीला लावून त्याचा फोटो आणि फटीची मापं पाठवा, वर, मध्ये, खाली अशी, म्हणजे चौकट हललीये का ते सांगते.